मदत हवी आहे: फायबरच्या कामावर अप्रेंटिस म्हणून बोलावलंय, सोमवारी हजर होऊ की नको?

वैतागलेला_डिप्लोमा
नमस्कार. वेळ कमी आहे, थेट विचारतो. पुण्यातल्या एका कंपनीने इंटरनेटच्या फायबर केबलच्या कामावर अप्रेंटिस म्हणून घेतलंय. एक वर्ष, महिना आठ हजार. घरचे म्हणतात जा, मित्र म्हणतात वर्ष वाया जाईल. जाऊ की नको? 'मनाचं ऐक' छाप उत्तरं कृपया नकोत.

स्प्लायसर_भाऊ
ऑपरेटर, की त्याचं कंत्राट घेणारा व्हेंडर? नॅट्स की नॅप्स, म्हणजे सरकारच्या दोन अप्रेंटिस योजनांपैकी कुठली? डिप्लोमा कशात, पास कधी? एवढं कळल्याशिवाय काय डोंबल सांगणार.

रुळावरचा_माणूस
रेल्वेच्या जेईची, म्हणजे ज्युनियर इंजिनिअरची तयारी कर. सिग्नल आणि टेलिकॉम हा अख्खा विभाग आहे तिथे. आठ हजारात पुण्यात कॉट बेसिस आणि मेसच भागेल.

वैतागलेला_डिप्लोमा
रेल्वेचं विचारलेलं नाही. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), गेल्या वर्षी पास. व्हेंडर असावा, कारण साइटवरच्या गाडीला दुसऱ्याच मोठ्या कंपनीचा स्टिकर होता. नॅट्स-नॅप्सबद्दल ते काही बोलले नाहीत. ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगितलंय, पण ते सगळीकडेच असतं ना?

हिशेबनीस_ताई
नाही रे बाबा! ओरिजिनल दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल घरी न्यायचं. मी पगारपत्रकं करते म्हणून विचारते, पीएफ कापणार म्हणालेत का?

निवृत्त_जेटीओ
आमच्या वेळी टेलिफोन खात्यात लागलं की आधी ट्रेनिंग सेंटर, मग एक्स्चेंज. जेली भरलेली केबल सोलली की हात दोन दिवस चिकट. पांढरा-निळा पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, झोपेतही म्हणायचो. 2020 च्या व्हीआरएसमध्ये बीएसएनएलचे सुमारे 78 हजार लोक एकदम बाहेर पडले, त्यांच्याबरोबर ती विद्याही गेली. मुला, काम शीक, पैशाकडे बघू नकोस.

स्प्लायसर_भाऊ
काका, पेन्शन असली की पैशाकडे न बघणं सोपं असतं. आणि विद्या गेलेली नाही, फायबरमध्येही निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, स्लेटी हाच क्रम आहे.

निवृत्त_जेटीओ
क्रम तोच, पण आम्हाला जोड हाताने करावा लागे. तुमचं मशीन करतं.

स्प्लायसर_भाऊ
मशीन फक्त चिकटवतं. सोलणं, आयपीए अल्कोहोलने पुसणं, क्लीव्हरने काटकोनात कापणं हातानेच. एक कण धूळ राहिली तर जोड परत. भर पावसात डक्टच्या खड्ड्याशेजारी ताडपत्री धरून करून बघा एकदा.

वैतागलेला_डिप्लोमा
पीएफ कापणार, हातात सात हजारच्या आसपास येतील म्हणाले. जोड मुलाखतीतच करायला लावला. स्क्रीनवर 0.02 डीबी आलं, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही, सुपरवायझर खूश. चष्मा मात्र कुणीच घातला नव्हता, आणि कापलेले तुकडे टाकायला डबाही नव्हता. एक तुकडा माझ्या बोटात घुसला, काचेचा असल्याने दिसेचना. टाचणीने काढला.

हिशेबनीस_ताई
मग ही अप्रेंटिसशिपच नाही! 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलाला पीएफ लागू होत नाही. पीएफ कापतात म्हणजे त्यांच्या दप्तरी तू कर्मचारी आहेस, आणि कर्मचारी असशील तर किमान वेतन द्यायला हवं. नाव अप्रेंटिसचं, काम हेल्परचं. 2019 च्या नियमांत डिप्लोमावाल्याला किमान 8000 आणि पदवीधराला 9000 ठरले, तोच आकडा उचललेला दिसतो.

सदाशिवपेठी_नेट
धागा फायबरचा दिसला म्हणून विचारतो. माझ्या घरच्या नेटच्या डब्यावर कालपासून लाल दिवा लुकलुकतोय. कस्टमर केअर म्हणतं रीस्टार्ट करा. कुठली कंपनी चांगली?

टॉवर_सोडलेला
तीन गोष्टी विचार: टॉवरवर चढवणार का, चढवणार तर फुल बॉडी हार्नेस देणार का, आणि पेट्रोल कोणाचं. मी पेट्रोलमुळे सोडलं. त्यापेक्षा सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट कर, एसीत बसशील.

स्प्लायसर_भाऊ
सीसीएनए करून एसीत बसलेले पुण्यात पायलीला पन्नास आहेत. हातात ओटीडीआर, म्हणजे केबल कुठे तुटली ते शोधायचं यंत्र, असलेला उपाशी राहत नाही. माझं मत, जावं. सहा महिन्यांत क्लोजर, म्हणजे जोडांवरची पेटी, स्वतः बांधशील, मग कुठेही जा.

हिशेबनीस_ताई
सल्ला अर्धा देऊ नका. नॅट्सला पात्र व्हायचं तर आधी अप्रेंटिसशिप झालेली नको आणि एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभवही नको. म्हणजे इथे वर्ष काढलं तर अप्रेंटिसचा दाखलाही नाही आणि नॅट्सचं दारही बंद. बीएसएनएलची काही सर्कल नॅट्सवरूनच मुलं घेतात, तिथे याला जाताच येणार नाही.

स्प्लायसर_भाऊ
हे मला माहीत नव्हतं. पण दाखल्याने केबल जुळत नाही, ताई.

हिशेबनीस_ताई
केबल जुळेल, पण बोटाऐवजी डोळ्यात तुकडा गेला तर? करार नोंदवलेला असला की इजा झाल्यावर भरपाई मालकावर येते, कायद्यातच आहे. ओव्हरटाइमलाही अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते.

स्प्लायसर_भाऊ
जेसीबीवाला केबल दुपारी तोडतो आणि ती जुळते रात्री दोनला. तेव्हा मंजुरी कोण देतं?

निवृत्त_जेटीओ
खड्डा खणायच्या आधी केबल कुठे आहे ते विचारायची पद्धत होती आमच्याकडे.

वैतागलेला_डिप्लोमा
काका, ताई, दादा, भांडा नंतर. एचआरला फोन केला. सरकारी पोर्टलवरचा अप्रेंटिस करार मागितला तर म्हणाले, 'आधी जॉइन हो, महिन्याभरात करून टाकू.' पीएफचं विचारलं तर 'ते सिस्टिममध्ये आपोआप येतं.' आणि वर्षानंतर कायम करणार ते तोंडी सांगितलंय. आता?

हिशेबनीस_ताई
तोंडी गोष्टी विसर. खऱ्या अप्रेंटिसशिपमध्येही, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं आणि घ्यायचं तुझ्यावर नसतं. आज मेल टाक: करार नॅट्सवर नोंदवणार का, नोंदणी क्रमांक कधी मिळेल, अप्रेंटिसचा पीएफ का कापता. उत्तर गुळमुळीत आलं तर सोमवारी जाऊ नकोस. आपल्याकडचं नॅट्सचं काम मुंबईत शीवला असलेलं 'बोट' (BOAT) बघतं, म्हणजे अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं मंडळ. व्हेंडरची तिथे नोंद आहे का तेही विचार.

टॉवर_सोडलेला
हार्नेसचंही लिही त्यात.

स्प्लायसर_भाऊ
मी तरी गेलो असतो, चष्मा स्वतःचा घेऊन. पण मार्कशीट देऊ नकोस, त्यावर ताईंशी शंभर टक्के सहमत. सदाशिवपेठी, लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये, रीस्टार्टने काही होणार नाही. कपाटामागे पिवळी वायर दुमडली आहे का बघा.

सदाशिवपेठी_नेट
बघितलं, दुमडलेली नाही. कपाट मात्र नवीन आहे. वायरवर ठेवलंय का कसं कळणार?

वैतागलेला_डिप्लोमा
मेल टाकला. मार्कशीट देणार नाही हेही लिहिलंय. नॅट्सवर नाव नोंदवायला बसलोय.

हिशेबनीस_ताई
बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधी बघ, सरकारचा वाटा थेट खात्यात येतो.

रुळावरचा_माणूस
आणि जेईचा फॉर्म?