तेलकट चेहऱ्यासाठी एनकॅप्सुलेटेड सीबीडी सीरम, घ्यायचं का सोडायचं?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे, दिवसभर कूलंटचा वास, धूळ, आणि माझं तोंड मुळातच इतकं तेलकट की दुपारी जेवायला बसलो की कपाळ चमकूलालंय असं पोरं चिडवतात. आता पुण्याच्या बहिणीनं एका सीरमची लिंक पाठवलीय, त्यात 'एनकॅप्सुलेटेड सीबीडी' आहे म्हणे, तेल कमी करतं, पिंपल्स कमी करतं, ३० मिलीला साडेअठराशे रुपये. बहिणीला विचारलं सीबीडी म्हणजे काय तर म्हणाली गांजाच्या झाडातलं, पण नशा नाही. आईनं ते ऐकलं आणि घरात नुसता गोंधळ. कुणी वापरूलालंय काय? आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी तपासली तर ह्या बाटलीवरून लफडं व्हायचं नाही ना, कारण मी दर पंधरवड्याला कोल्हापूरला जातो.

खानापूरचा_पाऊस:
साडेअठराशेत आमच्याकडं घरातल्या सगळ्यांचा महिन्याचा साबण येऊन वर कुंदा पण येतो बघ. 😄 पण प्रश्न चांगलाय, मला पण ऐकायचंय.

निपाणी_फार्मा:
मी फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी सीबीडी. म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्या झाडातली नशा टीएचसीनं चढते, सीबीडीनं नाही. आणि तेलाशी त्याचा संबंध लावणं ही नुसती जाहिरातवाल्यांची कल्पना नाही. २०१४ साली हंगेरीतल्या डेब्रेसेनच्या संशोधकांनी माणसाच्या तेलग्रंथीच्या पेशींवर सीबीडी घातलं तर पेशींचं जास्तीचं तेल बनवणं कमी झालं आणि सूज वाढवणारे संदेश पण कमी झाले, पेशी मात्र मेल्या नाहीत. टीआरपीव्ही-४ नावाच्या एका दरवाज्यातून हे घडतं असं त्यांनी दाखवलं. पण लक्षात घ्या, हे सगळं प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये, पेशींवर आणि कातडीच्या तुकड्यांवर. तुमच्या तोंडावर नाही.

तोंडावर काय झालं ते पण सांगते, कारण जाहिरातवाले हे सांगत नाहीत. बोटॅनिक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीनं पिंपल्ससाठी सीबीडीचं लावायचं औषध बनवून १२ आठवड्यांची चाचणी केली, निकाल २०१९ ला आला. पिंपल्स कमी झाले, पण औषध नसलेला नुसता बेस लावलेल्या लोकांचे पण कमी झाले, आणि दोन्हीतला फरक आकडेवारीत टिकेल एवढा निघाला नाही. म्हणून मी सीबीडीला वाईट म्हणत नाही, पण साडेअठराशे रुपयांची हमी म्हणून तर मुळीच बघत नाही.

आता एनकॅप्सुलेटेड. सीबीडी पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, तेलाचं ते पक्कं भक्त. शिवाय उजेड आणि हवा लागली की खराब होतं. साध्या पद्धतीनं क्रीम करायची तर ते तेलातच घालावं लागतं, आणि तेलकट माणसाला वरून तेल चोपडायचं म्हणजे काय झालं? म्हणून त्याला बारीक कणात गुंडाळतात, करंजीत सारण भरतात तसं. ते कण लेसिथिनसारख्या फॉस्फोलिपिडचे असतील तर लायपोसोम, घट्ट मेणासारख्या चरबीचे असतील तर सॉलिड लिपिड कण, नाहीतर सायक्लोडेक्स्ट्रिन, त्यात साखरेच्या रेणूंचं कडं असतं आणि सीबीडी आत बसतं. मग ते पाण्याच्या जेलमध्ये नीट मिसळतं, चिकट लागत नाही, आणि हळूहळू सुटतं. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तेलग्रंथी केसाच्या मुळापाशी उघडतात, आणि काहीशे नॅनोमीटरचे कण त्याच केसाच्या खळग्यात जाऊन बसतात, म्हणजे माल बरोबर गोदामात पोचायची शक्यता तरी आहे. ही गोष्ट कागदावर लई भारी वाटते. बाटलीत मात्र कण शेवटपर्यंत शाबूत राहिले का हे घरबसल्या कुणालाच कळणार नाही, कंपनीनं टेस्ट केली असेल तरच.

शहापूर_ब्युटी:
ताई बरोबर बोलल्या. माझं शहापुरात छोटं पार्लर आहे, आता माझं साधं सांगते. तेलकट तोंडाला २ टक्के नायसिनामाईड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, आणि सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, एवढ्यावर बऱ्याच पोरांचं भागतं, आणि दोन्ही मिळून पाचशेच्या आत बसतं. तोंड दिवसात दोनदाच धुवायचं. दहा वेळा धुतलं तर कातडी कोरडी पडते, ताणते, आणि मग लोक वर आणखी क्रीम थापतात. पिंपल्स मोठे, दुखणारे असतील तर कातडीच्या डॉक्टरकडं जा, बेळगावात जा नाहीतर कोल्हापूरला जा, पण मेडिकलवाल्याकडून 'गोरं करणारी, डाग घालवणारी' ट्यूब आणू नका. त्यातल्या लई ट्यूबांत स्टेरॉइड असतं, पहिले पंधरा दिवस मस्त वाटतं, बंद केलं की तोंड लाल होऊन फुलतं. माझ्याकडं अशा पोरी येतात, मी हात लावत नाही, सरळ डॉक्टरकडं पाठवते.

चिकोडी_वकील:
नाक्याचं मी सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंड्याशिवायचं नुसतं बी आणि पान त्या व्याख्येत येत नाही. चरस वेगळी, ती राळ. आपल्याकडं पानापासून बनवलेली औषधं आयुर्वेदाच्या लायसनवर, 'विजया' ह्या नावानं विकली जातात. म्हणून बाटलीवर उत्पादकाचा लायसन नंबर, बॅच नंबर आणि पूर्ण पत्ता आहे का ते बघा, टीएचसीचा रिपोर्ट मागा, आणि बिल फोनमध्ये ठेवा. लेबल नसलेली, बाहेरदेशातून कुरिअरनं आलेली बाटली असेल तर मी हात पण लावणार नाही. नाक्यावरचा माणूस नायसिनामाईडला नाही अडवत, पण पिशवीवर पानाचं चित्र छापलेलं असेल तर पाच मिनिटं वाद तर होणारच की!

तालीम_नंबर_एक:
माझा पुतण्या कुस्ती करतो, पुढं जिल्ह्याबाहेर खेळायचंय. त्याला लावलं तर चालेल काय?

निपाणी_फार्मा:
@तालीम_नंबर_एक, वाडानं, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेनं, २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलंय, पण टीएचसी आणि झाडातले बाकीचे कॅनाबिनॉइड्स स्पर्धेत बंदच आहेत. बाटलीत थोडं टीएचसी मिसळलंय का हे पुतण्याला कसं कळणार? खेळाडूनं लांबच राहावं. साधं सॅलिसिलिक वापर म्हणा.

उद्यमबागवाला:
धन्यवाद सगळ्यांना, आईला वाचून दाखवलं, ती चरस म्हटल्यावरच उठून गेली. बहिणीकडून बाटलीचा फोटो मागवला, मागच्या बाजूला एवढंच आहे: पाणी, ग्लिसरिन, नायसिनामाईड, 'कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल', कार्बोमर, सुगंध. समोर मोठ्या अक्षरात सीबीडी. मिलिग्रॅम कुठंच नाही. ह्यात एनकॅप्सुलेटेड काय आहे?

निपाणी_फार्मा:
अहो, ह्यात सीबीडीच नाही! सीड ऑइल म्हणजे बियांचं तेल, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. खरं असेल तर यादीत 'कॅनाबिडिऑल' असं लिहिलेलं पाहिजे, किती मिलिग्रॅम ते पाहिजे, आणि कण गुंडाळायचा माल, म्हणजे लेसिथिन, फॉस्फोलिपिड नाहीतर सायक्लोडेक्स्ट्रिन, यादीत दिसला पाहिजे. इथं त्यातलं काहीच नाही. तेल कमी होईलसं वाटत असेल तर ते त्यातल्या नायसिनामाईडनं, आणि नायसिनामाईड तुम्हाला गणपत गल्लीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये चौथाई किमतीत मिळेल. बियांचं तेल तसं वाईट नाही, पण त्याचे साडेअठराशे?

खानापूरचा_पाऊस:
बहिणीला सांग रिटर्न कर. सात दिवसांच्या आत असेल तर.

उद्यमबागवाला:
सील फुटलंय दादा. तिनंच वापरायला सुरुवात केलीय.