उंच जलटाकीच्या भूकंप-विश्लेषणात सर्व पाणी एकच वस्तुमान मानावे का?

प्रश्न: नमस्कार. आठ मीटर व्यासाच्या, चार मीटर पाण्याच्या आणि साधारण २ लाख लिटर क्षमतेच्या गोल आरसीसी टाकीचे डिझाइन करत आहे. आधार कॉलम व त्यांना जोडणाऱ्या आडव्या बीमचा (ब्रेसिंग) आहे. मी सर्व पाणी टाकीसह हलणारे एकच वस्तुमान धरले. यामुळे बल जास्तच येते, मग दोन वस्तुमानांच्या मॉडेलची गरज का? रिकाम्या टाकीची तपासणीही आवश्यक आहे का?

पहिले उत्तर: भूकंप-अभियंता जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार खालचे पाणी भिंतीबरोबर हलते, तर वरचे स्वतंत्रपणे हिंदकळते. आपल्या मापांत खोली व व्यास यांचे गुणोत्तर ०.५ असल्याने पहिला भाग सुमारे ५४ टक्के आणि दुसरा ४४ टक्के येतो. हिंदकळणाऱ्या पाण्याचा आवर्तकाल (एका झोक्याला लागणारा वेळ) जवळपास ३ सेकंद आहे, म्हणजे स्टेजिंगच्या (टाकीखालच्या आधार-सांगाड्याच्या) आवर्तकालापेक्षा सहसा बराच मोठा; शिवाय त्याचे डँपिंग (हालचाल शमण्याचे प्रमाण) अवघे ०.५ टक्का धरतात. तळाचे शिअर (तळाशी येणारे एकूण आडवे बल) आपल्या पद्धतीने बहुधा जास्त येईल हे मान्य, परंतु वस्तुमान वाढले की आवर्तकालही वाढतो, त्यामुळे ती वाढ पाण्याच्या वजनाच्या प्रमाणात नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाटेची उंची कळत नाही आणि पाण्याच्या वर किती मोकळी जागा ठेवायची, हे अंदाजावरच राहते.

दुसरे उत्तर: रिकामी टाकी अवश्य तपासावी. तळाचे शिअर भरलेल्या टाकीत जास्त येते हे खरे, पण रिकामी असताना कॉलमांवरचा दाब कमी होतो आणि वाऱ्यामुळे किंवा भूकंपामुळे एका बाजूच्या कॉलमांत ताण निर्माण होऊ शकतो. हा ताण पायापर्यंत पोहोचतो, म्हणून तेथील उचल (पाया वर उचलला जाण्याची शक्यता) पाहणे टाळू नये.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. कॉलमांऐवजी पोकळ गोल शाफ्ट घेतल्यास बांधकाम सोपे होईल का?

पहिले उत्तर: सरकत्या साच्याने ते लवकर होते, पण सर्व भार एकाच पातळ कवचावर येतो आणि एक भाग कमकुवत झाल्यास भार वाटून घेणारा दुसरा मार्ग उरत नाही. भुजच्या २००१ च्या भूकंपात अशा अनेक टाक्यांच्या शाफ्टला तळाजवळ आडव्या वर्तुळाकार भेगा पडल्या. भूकंपप्रवण भागात मी चौकटीचे स्टेजिंगच निवडेन. मात्र कॉलम व ब्रेसिंगच्या सांध्यांत मोमेंटची (वाकवणाऱ्या परिणामाची) दिशा उलटत असल्याने बीमच्या दोन्ही बाजूंना पुरेसे पोलाद आणि सांध्यालगत दाट रिंगा (उभ्या-आडव्या सळ्यांना वेढणाऱ्या सळ्या) द्याव्या लागतील.