मदत हवी आहे : व्हीआरमधला (आभासी जगातला) लढाईचा सराव तुकडीवरून बटालियनपर्यंत कसा न्यावा?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. महूचं इन्फंट्री स्कूल इथून जवळच, म्हणून पायदळाच्या सामूहिक सरावाचा व्हीआर प्रोजेक्ट घेतलाय. सगळी माहिती खुल्या स्रोतांतली आहे, लष्करी डेटा नाही आणि नकोही.

युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि क्वेस्ट या व्हीआर हेडसेटवर दहा जणांची तुकडी छान चालते. बाकी सैनिक संगणकाचे. त्यांची संख्या शेकड्यांत गेली की हालचाल अडखळते आणि हेडसेट घातलेल्याला मळमळतं. त्यामुळे हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने जोडण्याचं काम डार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेच्या सिमनेट प्रकल्पाने १९८० च्या दशकातच केलं. त्यातून आलेलं डीआयएस (सिम्युलेटरांनी एकमेकांना संदेश पाठवण्याचं मानक) मी ओपन-डीआयएस या मोफत लायब्ररीने वापरलं. डेड रेकनिंग (मागच्या वेगावरून पुढची जागा अंदाजाने काढणं) आहे, त्यामुळे अंदाज चुकला तरच किंवा ५ सेकंदांनी संदेश जातो. वायर्ड लॅन करून पाहिलं, मॉडेल हलकी केली. प्रोफायलरमध्ये (कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) ग्राफिक्स ठीक दिसतात, वेळ जातो तो येणारे संदेश वाचण्यात.

पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणं शक्य नाही. मग डीआयएस ठेवून मैदानाचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येकाला वेगळा मल्टिकास्ट गट (ज्यातले संदेश फक्त त्या गटातल्या यंत्रांनाच जातात) द्यावा, की पोर्टिको हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन एचएलए या सिम्युलेशन जोडण्याच्या दुसऱ्या मानकाकडे वळावं? हे प्रत्यक्ष केलेलं कुणी आहे का?