ताजा जवळा आरपार का दिसतो, आणि पारदर्शक शरीराचा प्राण्याला नेमका उपयोग काय?

सागरवेल यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे ओला जवळा नेहमी येतो. नुकताच होडीतून उतरवलेला जवळा निरखून पाहिला, तर प्रत्येकाचे काळे डोळे, शेपटीच्या बुडाशी असलेले तांबूस ठिपके आणि अन्ननलिकेची एक गडद रेघ एवढेच काय ते ठळक दिसते. बाकीच्या शरीरातून खालच्या ताटाची नक्षीसुद्धा ओळखू येते. तोच जवळा तव्यावर पडला की बघता बघता अपारदर्शक आणि गुलाबीसर होतो. शरीरात स्नायू आहेत, कवच आहे, आतडे आहे, मग प्रकाश त्यातून सरळ पलीकडे जातोच कसा, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की समुद्रात असे प्राणी पुष्कळ आहेत, पण जमिनीवर मात्र फारसे दिसत नाहीत. याचे कारण काय असावे? आणि ज्यांच्यापासून लपायचे, त्या भक्षकांना हे प्राणी खरोखरच दिसत नाहीत का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर

प्रश्न फार चांगला आहे. पारदर्शक असणे म्हणजे रंग नसणे, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे. शरीरात रंगद्रव्याचा कणही नसला तरी ते दुधासारखे पांढरे दिसू शकते, कारण अडचण रंगाची नसून प्रकाशाच्या विकिरणाची, म्हणजे विखुरण्याची आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात जातो आणि त्या दोहोंचे अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारे अंक) वेगळे असतात, तेव्हा प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग परत फिरतो किंवा वाट बदलतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 आहे, पेशीतल्या द्रवाचा त्याहून किंचित जास्त, तर मेद आणि घट्ट प्रथिने यांचा साधारण 1.4 ते 1.5 च्या घरात. पेशीचे आवरण, केंद्रक, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक), स्नायूंचे तंतू अशा असंख्य सीमा ओलांडताना प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की पलीकडचे चित्र पार पुसले जाते.

पारदर्शक प्राण्याला म्हणूनच सबंध शरीराची रचना सांभाळावी लागते. शरीर पातळ ठेवणे, विकिरण करणारे घटक कमी करणे किंवा ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान ठेवून अतिशय दाट आणि एकसारखे रचणे, हे त्याचे मार्ग आहेत. आपल्याच शरीरात याचे उदाहरण आहे. डोळ्यातल्या भिंगाच्या पेशी वाढीच्या ओघात आपले केंद्रक आणि तंतुकणिका टाकून देतात, आणि त्यांच्यात प्रथिने इतकी दाट भरलेली असतात की त्यांनी विखुरलेल्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. त्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ लागल्या की भिंग गढुळते. मोतीबिंदू तो हाच.

जवळ्याच्या बाबतीत तव्यावर घडते तेही असेच आहे. उष्णतेने स्नायूंतील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होतात, जसे अंड्यातले पाण्यासारखे पांढरे शिजताच घट्ट आणि अपारदर्शक होते. गुलाबी छटा येते ती वेगळ्या कारणाने: ॲस्टाझँथिन नावाचे तांबडे रंगद्रव्य कवचात प्रथिनाला बांधलेले असते, तोवर त्याचा तांबडेपणा झाकलेला असतो आणि शिजवल्यावर ते मोकळे होते.

आता जमिनीविषयी. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या ऊतींचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असतो, त्यामुळे शरीराच्या पृष्ठभागावर फारसे परावर्तन होत नाही. हवेचा अपवर्तनांक मात्र जवळजवळ 1 आहे, म्हणून हवेत आतून कितीही स्वच्छ असलेले शरीर पृष्ठभागावर चकाकतेच आणि त्याची आकृती कळते. त्यातच जमिनीवर वजन पेलायला जाड हाडे किंवा भक्कम कवच लागते, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचावासाठी त्वचेत रंगद्रव्यही ठेवावे लागते. या तिन्ही गोष्टी पारदर्शकतेच्या विरुद्ध जातात.

अपवर्तनांकाचे महत्त्व किती आहे, हे 2024 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग पाण्यात विरघळवून त्यांनी जिवंत उंदरांच्या त्वचेवर चोळला, तेव्हा ऊतींतल्या पाण्याचा अपवर्तनांक वाढून तो मेद आणि प्रथिनांच्या जवळ आला आणि त्वचेखालचे अवयव तात्पुरते दिसू लागले. धुतल्यावर त्वचा पुन्हा पहिल्यासारखी झाली. शरीरातून काहीही काढून न टाकता केवळ दोन अंक जवळ आणल्याने हे घडले, याचे मला अजून नवल वाटते.

खारफुटी यांचे उत्तर

वरील विवेचन उत्तम आहे. त्याला समुद्राच्या बाजूने थोडी जोड देतो.

किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राच्या वरच्या थरांत लपायला दगड नाही, शेवाळ नाही, चिखल नाही. भक्षक खालून, वरून, बाजूने, कोठूनही येऊ शकतो आणि प्रत्येक दिशेने पार्श्वभूमी वेगळी असते. अशा ठिकाणी कोणताही एक रंग सगळीकडून उपयोगी पडत नाही. जी काही पार्श्वभूमी असेल ती आपल्यातून दिसू देणे, हा उपाय मात्र सगळीकडून चालतो. जेलीफिश, कंकतधर (कंगव्यासारख्या पट्ट्यांनी पोहणारे जेलीसारखे प्राणी), बाणकृमी आणि अनेक माशांची पिल्ले या मार्गाने गेली आहेत, आणि ती एकमेकांच्या जवळची नसल्यामुळे हा गुण वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा आला असला पाहिजे.

तरीही तीन गोष्टी सहजासहजी लपत नाहीत: डोळा, पोट आणि रक्त. पाहायचे तर दृष्टिपटलाने प्रकाश शोषलाच पाहिजे, आणि जे प्रकाश शोषते ते गडद दिसते. संपूर्णपणे अदृश्य प्राणी आंधळाच असणार, ही भौतिकशास्त्राची अट आहे. सागरवेल, तुम्हाला जवळ्याचे काळे डोळे आधी दिसले ते याचमुळे. क्रँकिडी कुळातल्या पारदर्शक माकुलांनी (स्क्विडनी) यावर केलेली तोड पाहण्यासारखी आहे. त्यांच्या डोळ्यांच्या खालच्या बाजूला प्रकाश देणारे अवयव असतात. वरून येणाऱ्या मंद उजेडात डोळ्याची जी सावली खालून पाहणाऱ्याला दिसली असती, ती हा प्रकाश भरून काढतो. त्यांची पाचकग्रंथी अपारदर्शक असते, पण ती लांबट असून माकूल कसेही वळले तरी उभीच राहते, म्हणजे खालून पाहणाऱ्याला तिचे फक्त टोक दिसते.

रक्ताचा प्रश्न वामीच्या पिल्लांनी वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ही पिल्ले पानासारखी चपटी असतात, त्यांच्या शरीराचा मोठा भाग पाणीदार जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो, आणि रूपांतर होईपर्यंत त्यांच्यात तांबड्या पेशी जवळपास नसतातच. शरीर इतके पातळ असते की लागणारा प्राणवायू त्वचेतूनच मिळतो.

आता भक्षकांकडे वळू. ते स्वस्थ बसलेले नाहीत. काही माशांना अतिनील प्रकाश दिसतो, आणि आपल्याला स्वच्छ दिसणारे शरीर त्या प्रकाशात तितके स्वच्छ नसते. माकुलांना प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, ओळखता येते; पारदर्शक ऊतींतून जाताना ते बदलते, त्यामुळे आपल्या डोळ्यांना न दिसणारे भक्ष्य त्यांना उठून दिसते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ध्रुवीकृत प्रकाशात माकुलांनी पारदर्शक भक्ष्यावर जास्त अंतरावरून झडप घातली होती.

खोल पाण्यात आणखी एक संकट असते. तेथे काही मासे स्वतःच्या अवयवांतून निळा प्रकाश टाकून शिकार शोधतात. समोरून असा झोत पडला की पारदर्शक शरीरावरून थोडा तरी प्रकाश परततो आणि घात होतो. त्या वेळी निळा प्रकाश शोषणारे तांबडे शरीर बरे. जापेटेला हीथी हा लहान अष्टपाद दोन्ही उपाय बाळगून असतो. एरवी तो पारदर्शक असतो, पण निळा प्रकाश पडताच त्वचेतल्या रंगपेशी पसरून क्षणात तांबूस होतो. 2011 मधले हे निरीक्षण मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते, कारण पारदर्शकता केव्हा सोडायची हेही त्या जिवाला ठरवता येते.

सागरवेल

सूक्ष्मदर्शी आणि खारफुटी, दोघांचेही मनापासून आभार. डोळ्याविषयीचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. मात्र एक शंका उरते. जमिनीवर पारदर्शकता अवघड असेल, तर ज्यांच्या पोटातून हृदय धडधडताना दिसते त्या बेडकांचे काय? बेडकाला तर तांबडे रक्त असते.

रानवाटा यांचे उत्तर

आपण म्हणता ते काचबेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांत राहतात. त्यांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. आपल्या सह्याद्रीत हे कूळ नाही. त्यांपैकी हायलिनोबॅट्राकियम फ्लाइशमानी या दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या बेडकावर झालेले संशोधन डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आपल्या शंकेचे उत्तर त्यातच आहे.

हा बेडूक रात्री हिंडतो आणि दिवसा पानाच्या खालच्या बाजूला चिकटून झोपतो. झोपेत तो आपल्या तांबड्या पेशींपैकी सुमारे 89 टक्के पेशी रक्तप्रवाहातून काढून यकृतात साठवतो. यकृतावर ग्वानिनच्या स्फटिकांचे चकचकीत आवरण असते, त्यामुळे आतला तांबडा साठा बाहेरून दिसत नाही. या एका कृतीने शरीराची पारदर्शकता दोन ते तीन पटींनी वाढते. जाग येऊन तो हालचाल करू लागला की पेशी पुन्हा प्रवाहात येतात आणि अंगावर तांबूस झाक चढते. हे पाहणे सोपे नव्हते, कारण भूल दिलेल्या बेडकात रक्त वाहतच राहते. शेवटी प्रकाशाने पेशींत उमटणाऱ्या ध्वनिलहरींवरून चित्र काढणारे तंत्र वापरून, बेडूक आपणहून झोपलेला असतानाच, त्याची चित्रे घ्यावी लागली. इतक्या पेशी एकत्र कोंबूनही रक्त गोठत नाही, ही बाब माणसाच्या रक्तातील गुठळ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाची असल्याने वैद्यकातल्या लोकांचे लक्ष या बेडकाकडे वळले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. छायाचित्रांत पोटाची बाजू दिसते म्हणून हा बेडूक काचेसारखा असल्याची समजूत होते, पण त्याची पाठ हिरवी असते आणि वरून पाहणाऱ्याला आरपार असे काही दिसत नाही. त्यामुळे याला पारदर्शक म्हणावे की अर्धपारदर्शक, असा वाद होता. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पान गडद असो वा फिके, बेडकाचा हिरवा रंग फारसा बदलत नाही, पण त्याची उजळता पानाप्रमाणे कमीजास्त होते. पाय धडापेक्षा जास्त पारदर्शक असतात आणि झोपेत ते अंगाभोवती दुमडलेले असतात, त्यामुळे बेडकाची कडा तीव्र न राहता पानात हळूहळू विरते. भक्षक बहुधा बाह्यरेषेवरून बेडूक ओळखतो. ती रेषाच येथे पुसट होते. इक्वाडोरच्या जंगलात जिलेटिनचे नकली बेडूक पानांवर ठेवून पाहिले, तेव्हा अपारदर्शक बेडकांवर पक्ष्यांनी जास्त हल्ले केले. अर्धवट पारदर्शकताही जीव वाचवते, हे त्यावरून सिद्ध झाले.

पतंगवेल्हाळ यांचे उत्तर

रानवाटा यांच्याशी सहमत आहे, पण पारदर्शक अवयव दिसला की तो लपण्यासाठीच असणार, असे धरून चालू नये. अनंताच्या झाडावर वाढणारा सेफोनोडस हायलस हा पतंग आपल्याकडेही आढळतो. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पण पहिल्याच भरारीत ते झडून जातात आणि पंख स्वच्छ होतात. दिवसाढवळ्या फुलांसमोर घोंगावणारा हा जाडसर पतंग मग हुबेहूब भुंग्यासारखा दिसतो. डंखाच्या भीतीने शत्रूने दूर राहावे, हा येथे फायदा आहे. पतंगाला दिसायचेच असते, फक्त दुसरेच कोणी म्हणून.

हवेत पृष्ठभाग चकाकतो हा मुद्दा सूक्ष्मदर्शी यांनी काढला, त्याचेही उत्तर एका फुलपाखराकडे आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्रेटा ओटो या फुलपाखराच्या पंखांच्या पारदर्शक भागावर अतिसूक्ष्म खांब असतात आणि त्यांची उंची मुद्दाम केल्यासारखी अनियमित असते. हवेतून पंखात जाताना अपवर्तनांक एकदम उडी न घेता हळूहळू बदलतो, त्यामुळे तिरप्या कोनातून पाहिले तरी पंखावरून फारच थोडा प्रकाश परततो. खिडकीची साधी काच तिरकी धरली की कशी लखलखते, ते आपण जाणतोच. जर्मनीतल्या कार्ल्सरूऽ येथील संशोधकांनी 2015 मध्ये हे दाखवले, आणि चकाकी टाळणाऱ्या पडद्यांसाठी त्या रचनेचा अभ्यास होतो आहे.

मत्स्यालय यांचे उत्तर

चर्चेत गोड्या पाण्याचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो. पॅरांबॅसिस रांगा हा छोटा मासा भारतातल्या नद्या, तळी आणि भातशेतीच्या पाण्यात राहतो. त्याचा पाठीचा कणा बाहेरून मोजता येण्याइतका स्पष्ट दिसतो, आणि पोटातले अवयव मात्र एका रुपेरी पिशवीत झाकलेले असतात. जे पारदर्शक करता येत नाही ते आरशासारखे करून टाकायचे, ही तीच युक्ती आहे जी रानवाटा यांनी बेडकाच्या यकृताविषयी सांगितली. चोहोबाजूंनी सारखाच प्रकाश असलेल्या पाण्यात आरसा आजूबाजूचेच पाणी दाखवतो.

दुर्दैवाने हीच पारदर्शकता या माशाच्या जिवावर उठली आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारात सुई टोचून त्याच्या अंगात झगझगीत गुलाबी, हिरवे, निळे रंग भरले जातात आणि "रंगीत काचमासा" म्हणून तो विकला जातो. पाठीच्या आणि पोटाच्या कडेने फक्त पट्ट्यांत रंग असेल, तर तो टोचलेला समजावा. काही महिन्यांत रंग फिका पडतो, पण टोचण्यातच अनेक मासे मरतात आणि वाचलेल्यांना रोगाची लागण सहज होते. दुकानात असे मासे दिसले तर कृपया घेऊ नका आणि दुकानदाराला कारणही सांगा. मागणी थांबली की माल येणे थांबते. बिनरंगी मासा त्याच टाकीत असेल तर तो जरूर घ्या, मात्र एकटा ठेवू नका, कारण तो थव्याने राहणारा आहे आणि एकटा पडला की वनस्पतींच्या आड दडून खाणे सोडतो.