वादविवाद शिबिरातील संदर्भांची देवाणघेवाण कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. रत्नागिरी परिसरातील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही तिघे शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांचे वादविवाद शिबिर घेतो. मुले उत्साही असतात, बोलतातही छान. आमची अडचण त्यांनी जमवलेले संदर्भ सांभाळण्याची आहे.

गेल्या वर्षी पश्चिम घाटातील पर्यावरणीय निर्बंध कोकणाच्या हिताचे आहेत की नाहीत, असा विषय होता. सराव फेरीत एका मुलीने ठामपणे सांगितले की गाडगीळ समितीने घाटाचा ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला, आणि विरोधी संघाने तो आकडा निमूटपणे मान्य केला, कारण त्यांच्या टिपणातही तेच वाक्य होते. वास्तविक गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात संपूर्ण पश्चिम घाटच संवेदनशील मानून त्याची तीन स्तरांत विभागणी सुचवलेली आहे. ३७ टक्क्यांची शिफारस कस्तुरीरंगन समितीची, म्हणजे २०१३ ची. शोध घेतला तेव्हा कळले की हे वाक्य वर्तमानपत्राच्या एका कात्रणावरून कोणीतरी घाईत उतरवले होते, कात्रणाच्या छायाचित्रात तारीखही आली नव्हती, आणि तेथून ते चार फायलींत गेले होते. आम्ही एका फायलीत दुरुस्ती केली. उरलेल्या तीन तशाच राहिल्या, हे अंतिम फेरीत समजले!

सध्या सर्व टिपणे गुगल ड्राइव्हवरील एका फोल्डरमध्ये असतात. परंतु बहुतेक मुले पालकांचा मोबाइल वापरतात, खाडीपलीकडच्या वाड्यांत रेंज मिळत नाही, म्हणून फायली व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि प्रत्येकाकडे वेगळी प्रत तयार होते. यंदा प्रत्येक पुराव्यासाठी एक कार्ड करावे असा विचार आहे: वर एका वाक्यात मुद्दा, त्याखाली लेखक, वर्ष व पृष्ठक्रमांक, मग मूळ उतारा शब्दशः. मुले मात्र उताऱ्याच्या जागी स्वतःचा सारांश लिहितात आणि तो अवतरणचिन्हांत घालतात, ही सवय मोडणे मला सर्वांत कठीण वाटते.

दुसरा प्रश्न आमच्यातील मतभेदाचा आहे. अमेरिकेतील शालेय वादविवादात उन्हाळी शिबिरांतील पुराव्यांच्या फायली सर्वांसाठी खुल्या ठेवण्याचा प्रघात आहे, तसा आपणही दोन्ही बाजूंसाठी एकच साठा ठेवावा, असे मला वाटते. चुकीचा आकडा प्रतिपक्षाच्या नजरेखालून गेला तर तो लवकर पकडला जाईल. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, जी मुलगी दोन दिवस वाचनालयात बसून अहवाल वाचते, तिचे श्रम आयते घेणाऱ्यांच्या पदरात पडतील. त्यांची तक्रार मला खोडून काढता येत नाही. कार्डावर शोधणाऱ्याचे नाव लिहिण्याने तिचे समाधान होईल का?

ज्यांनी अशी शिबिरे घेतली आहेत त्यांनी कृपया सांगावे: मूळ फाइल बदलण्याचा अधिकार एकाच शिक्षकाकडे ठेवावा, की पडताळणी मुलांच्या जोड्यांकडे सोपवावी? आणि चूक सापडल्यावर आधीच वाटल्या गेलेल्या प्रती परत कशा मिळवता? छापील कार्डे देऊन जुनी जमा करून घेण्याचा उपाय कोणी केला असल्यास २४ मुलांच्या शिबिरात तो कितपत निभावतो, हेही कळवावे. शिबिर भाऊबिजेनंतर सुरू होईल.