आमच्या नदीला ‘वाइल्ड अँड सीनिक’ दर्जा मिळेल का?

ओढ्याकाठची:
आम्ही न्यू जर्सीत वायव्येला राहतो, घरामागून एक छोटी नदी जाते, पुढे डेलावेअर नदीला मिळते. टाऊनशिपच्या, म्हणजे गावकारभाराच्या मीटिंगमध्ये फेडरल ‘वाइल्ड अँड सीनिक’ दर्जासाठी (म्हणजे नदी वाहती राहावी म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कायदेशीर संरक्षण) प्रयत्न करायचा विषय निघाला तर एक गृहस्थ लगेच म्हणाले, जुन्या गिरणीचा बंधारा आहे, दोन पूल आहेत, काठाला मक्याची शेतं, कसली वाइल्ड! मला फार लागलं ते. बंधाऱ्याखाली पाणी इतकं नितळ असतं की तळाचे गोटे मोजून घ्या, ट्राऊट मासे दिसतात. नेमकं काय बघतात हे लोक? आणि शेजारी म्हणतात सरकार जमीन घेईल, ते खरं का?

पाणवठा:
कायदा 1968 चा आहे. आधी दोन गोष्टी बघतात: नदी वाहती आहे का, आणि तिच्यात आसपासच्या प्रदेशात उठून दिसेल असं निदान एक काही आहे का, मग ते निसर्गदृश्य असो, मासे, भूगर्भ, इतिहास, काहीही. बुटका जुना बंधारा असला म्हणून नदी आपोआप बाद होत नाही. अख्खी नदी द्यावी लागते असंही नाही, एखादा पट्टा चालतो. नावामुळे सगळे फसतात, पण वाइल्ड, सीनिक आणि रिक्रिएशनल या तीन वर्गांपैकी कुठला हे सौंदर्यावर नाही तर काठाला रस्ते-वस्ती किती त्यावर ठरतं, त्यामुळे तुमची रिक्रिएशनलमध्ये बसू शकेल.

मस्कोनेटकाँगवाला:
ताई, तुमच्या जवळचंच उदाहरण बघा. मस्कोनेटकाँग नदीला 2006 मध्ये दर्जा मिळाला, 24.2 मैल, तोही दोन तुकड्यांत, हॅकेट्सटाऊनजवळचा भाग मधून वगळलाय, आणि शेतं तर तिथेही आहेतच की. जमिनीचं म्हणाल तर तिथे मालकाच्या संमतीशिवाय फेडरल सरकारला घेता येत नाही, झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते ठरवणं, गावाच्याच हातात. त्याच नदीवर खाली ह्यूजव्हिलचा बंधारा 2016 मध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी समुद्रातून नदीत चढणारे शॅड मासे वर आले!

कोयनेची लेक:
एक सांगू का, पात्र ठरणं ही पहिलीच पायरी, नंतर दर्जा देणं योग्य आहे का, गावांचा पाठिंबा आहे का हे बघतात आणि बहुतेक वेळा शेवटी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कायदा करावा लागतो. म्हणून नुसते सुंदर फोटो नेऊ नका, ट्राऊटची अंडी घालायची जागा, उन्हाळ्यातलं पाण्याचं तापमान, गिरणीची जुनी कागदपत्रं जमवा आणि आजूबाजूच्या नद्यांशी तुलना मांडा. पण करा हे नक्की, कारण दर्जा मिळाला की त्या पट्ट्यावर वीजप्रकल्पाच्या नव्या धरणाला फेडरल परवाना देता येत नाही. माझं माहेर कोयनेकाठचं, धरणाचं बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वीजघरांकडे जातं, खाली नदीत किती येणार ते सोडणाऱ्याच्या हातात, म्हणून ‘वाहती नदी’ वाचलं की पोटात तुटतं.

ओढ्याकाठची:
खूप खूप आभार सगळ्यांचे, जीव भांड्यात पडला. शनिवारी मुलाला घेऊन थर्मामीटर लावून येते, बंधाऱ्याच्या वर एक आणि खाली एक.