मदत हवी आहे: कॉट, कपाट, टेबल आणि पुणे ते चिपळूण टेम्पो

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमच्या शेजारच्या काकूंचं घर गेल्या महिन्यात शॉर्टसर्किटने जळालं. माणसं वाचली, थोडी भांडी राहिली, बाकी काही नाही. भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्यात, पण काकांना गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठवत नाही. नात दहावीला आहे, तांदळाच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्याही घरात शिरलं होतं. बोर्डाची कपाटं फुगून पापुद्रे सुटले, गाद्या चिखलाने इतक्या जड झाल्या की चौघांना उचलेनात. पंधरा दिवसांनी कुणीतरी वापरलेली लोखंडी कॉट पाठवली. तिच्या पायाला कुणा लहान मुलाने चिकटवलेलं फुलपाखरू होतं. त्या रात्री आई पहिल्यांदा सलग झोपली. ती कॉट अजून आमच्याकडे आहे.

पुणे-पिंपरीत कुणाकडे लोखंडी कॉट, छोटं कपाट, टेबल-खुर्ची आहे का? नटबोल्ट काढून सुटं होणारं असेल तर एका छोट्या टेम्पोत मावेल. बोर्डाचं शक्यतो नको, कोकणातल्या दमट हवेत टिकत नाही. देण्याआधी फटींत ढेकूण नाहीत ना, तेवढं बघा. कुंभार्ली घाटातून चिपळूणला रिकामा जाणारा कुणी टेम्पोवाला ओळखीचा आहे का? डिझेलचे पैसे मी देईन.

आणखी एक. काकू फार मानी आहेत, ‘दान’ म्हटलं तर दारातूनच परत पाठवतील. कुणी अशा वेळी सामान दिलं असेल, तर कसं बोललात ते सांगाल का?